उशीखालची बाटली
एका लेखात बेन्झेड्रिन इनहेलरचा, म्हणजे नाकाने हुंगायच्या औषधी नळीचा, किस्सा वाचून आमचे मामा आठवले. 1930 च्या दशकात अमेरिकेत ती नळी सर्दीसाठी कोणालाही दुकानात मिळायची, आत ॲम्फेटामिन या झोप उडवणाऱ्या उत्तेजक औषधात भिजवलेली कागदाची पट्टी, आणि लोक काय करायचे तर नळी फोडून ती पट्टीच गिळायचे नाहीतर कॉफीत बुडवून प्यायचे, रात्रभर जागे! 1959 मध्ये कुठे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणं बंद झालं, म्हणजे पाव शतक गेलं बघा.

मामा जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात होते, कापसाचा सीझन लागला की नाक चोंदलेलंच. मेडिकलवाल्याने झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप दिले. त्यात नशा वगैरे काही नाही, पण नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, असर उतरला की नाक उलट जास्त चोंदतं आणि मग परत ड्रॉप. आठवड्याच्या वर घालायचे नसतात ते, मामांनी चार वर्षं घातले. उशीखाली एक बाटली, खिशात एक, लग्नात भरीत-पुरीचं ताट समोर असताना मान वर करून थेंब सोडणार! जळगावच्या डॉक्टरांनी आधी एकाच नाकपुडीतले ड्रॉप बंद करायला लावले, मग दुसरीतले. पंधरा दिवस तोंड उघडं टाकून घोरत होते, मामी वैतागून ओसरीत झोपायला गेली, पण सुटलं एकदाचं.