भंगारातल्या धातूचा पेन आणि पालकांच्या ग्रुपवरचा मेसेज

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. 'भंगार वितळवून केलेले पेन आणि कंपासपेट्या मुलांना देऊ नका. तो धातू ठिसूळ असतो, त्यात शिसं असतं, आणि भंगार वितळवायला नव्या धातूपेक्षा जास्त वीज लागते. प्लास्टिकचा पेनच बरा.' शेजारच्या गावांतही तोच फिरतोय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या या खेड्यात विज्ञान शिकवतो, त्यामुळे गप्प बसणं मला जमणार नाही.

विजेचं आधी घेतो, कारण तिथे मेसेज साफ उलटा आहे. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम काढायचं तर शेवटच्या टप्प्यात वीज सोडूनच धातू वेगळा करावा लागतो. त्यात किलोमागे साधारण १४ युनिटं जातात. जुनं ॲल्युमिनियम ६६० अंशांला वितळतं, आणि त्याला नव्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा पुरते. पेनाची नळी १० ग्रॅमची धरू. नव्या धातूच्या नळीला लागणाऱ्या विजेत घरातला ९ वॅटचा बल्ब १५ तास चालेल. भंगारातल्या नळीच्या विजेत तोच बल्ब पाऊण तास चालेल. आणि आपल्याकडची बहुतेक वीज कोळशाची. चंद्रपूरला नातेवाईक असलेल्यांना त्या कोळशाची धूळ नव्यानं सांगायला नको.

ठिसूळ? गावातला लोहार ट्रकच्या जुन्या पाट्याचा विळा करतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. धातू पुन्हा तापवून ठोकला किंवा वितळवला म्हणून नासत नाही. वेगवेगळे धातू न निवडता एकत्र ओतले तर माल बिघडतो, पण तो दोष निवडणाऱ्याचा.

शिशाची भीती मात्र उडवून लावण्यासारखी नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसं वितळवणं खरोखर घातक आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार बाधतं. पण तो धंदा वेगळा. ॲल्युमिनियमचं भंगार वेगळं निवडलं जातं. उलट पितळ सहज कातता यावं म्हणून त्यात थोडं शिसं घालायची पद्धत आहे, पितळ नवं असो की जुनं. स्वस्त रंगातही शिसं असू शकतं. म्हणून धातू नवा की जुना हे विचारण्यापेक्षा रंग कसला आहे ते विचारा, आणि पोरांना कुठलाच पेन चावू देऊ नका. पेन्सिलीत तर शिसं नसतंच, ग्राफाइट आणि माती असते.

राहिला 'प्लास्टिकच बरा'. वापरून फेकायच्या पेनात प्लास्टिक, पितळ किंवा स्टीलचं टोक, टंगस्टन कार्बाइडचा बारीक मणी आणि शाई एकमेकांत अडकलेली असतात. आमचा भंगारवाला असे पेन घेत नाही. शाळा झाडली की ते कचऱ्यासोबत जळतात आणि धूर वर्गात येतो. वाकलेली पत्र्याची कंपासपेटी मात्र तो तोलून पैसे देऊन नेतो.

मेसेजमध्ये नसलेली एक अडचण मला खरी वाटते. धातूचा पेन महाग असतो आणि महिनाभरात हरवला तर सगळा हिशोब वाया जातो. तो टिकवायचा म्हणजे कांडी बदलायची, आणि आमच्या गावातल्या दुकानात कांड्या मिळेनाशा झाल्यात. दुकानदाराला सांगितलंय, येत्या बाजाराला निळ्या कांड्यांचा एक डबा आण, पन्नास मी घेतो.