पूल मजबूत करायचाय? आधी रंग निवडा

गर्डरच्या, म्हणजे पूल पेलणाऱ्या तुळईच्या, तळाचा पोपडा सुटून तांबूस सळई दिसू लागली, तर घाबरू नका, रंग मागवा. आजूबाजूला हातोडीने ठोकून पाहण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. ठोकलं की आतून सुटलेल्या काँक्रीटचा बद्द आवाज येतो, त्याची हद्द खडूने आखावी लागते आणि हातभर दुरुस्ती गर्डरभर होऊन बसते.

सळईच्या मागचंही २०-२५ मिमी काँक्रीट काढावं, सळई चहूबाजूंनी घासून चकचकीत करावी, असं जाणकार म्हणतात. म्हणू द्या. आपण समोरची बाजू तारेच्या ब्रशने कुरवाळावी आणि मसाला थापावा. मागे उरलेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, तेव्हा नवा थर तोच पाडून देईल; फोडण्याची मजुरी वाचली! काँक्रीटमध्ये क्लोराइड, म्हणजे मिठातला गंज आणणारा घटक, मुरलं असेल तर आणखी मौज. ठिगळातली सळई सुखरूप राहते आणि ठिगळाच्या कडेची, आजवर धड असलेली, गंजू लागते. पुढच्या निविदेची जागा आयतीच ठरली.

भेग हालती आहे की थांबलेली, हे कशाला तपासायचं? सरळ इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा गोंद, भरा. हालती असेल तर शेजारी नवी उघडेल.

एवढ्यावर समाधान झालं नाही, तर बळकटीसाठी काँक्रीटवर चिकटवायच्या कार्बन फायबरच्या पट्ट्या आहेतच. काळ्याभोर दिसतात, उद्घाटनाच्या फोटोत शोभतात. आधी काँक्रीटला चकती चिकटवून ती ओढून पाहायची ओढ-चाचणी मात्र नको: पृष्ठभाग १.५ एमपीए (मेगापास्कल) ताणाला टिकला नाही, तर पट्टी काँक्रीटचा पापुद्रा घेऊन सुटणार हे आधीच कळेल, आणि मग चिकटवणार काय? दवबिंदूपेक्षा, म्हणजे दव धरतं त्या तापमानापेक्षा, पृष्ठभाग ३ अंशांनी तरी गरम हवा, गुंडाळण्याआधी कोपरे २० मिमी त्रिज्येने गोल करा, ही सगळी काम लांबवण्याची कारणं. धारेवर फायबर कापलं गेलं तरी वरून रंग आहेच.

राहिलं पाणी. खरा शत्रू तोच, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये. एक्स्पान्शन जॉइंटचं, म्हणजे पुलाच्या दोन भागांमधल्या फटीचं, रबर फाटलंय, पाणी गर्डरच्या टोकावर आणि तो टेकतो त्या बेअरिंगवर ठिबकतंय, निचऱ्याच्या नळ्या मातीने बुजल्यात. खुशाल असू द्या. वर डांबराचा ५० मिमीचा थर द्या. जुना खरवडायची गरज नाही. एका थराचं वजन चौरस मीटरला जेमतेम १२० किलो. असे चार चढले की साडेचारशेच्या वर, आणि तेही वाहनं नसताना! शिवाय जॉइंट डांबराखाली गाडला गेला, की तो गळतोय हे वरून कुणाला दिसतही नाही.