कुणाचं काम कुणी करायचं? ठरवूच नका!

डॉक्टर, दवाखाना छोटा, माणसं मोजकी. तेव्हा कुणाचं काम कोणतं हे कागदावर उतरवण्याचा वेडेपणा मुळीच करू नका. एकदा लिहिलं की लोक वाचतात, आणि वाचलं की प्रश्न विचारतात. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी सांगून टाका, ‘आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत.’ घरात कोण कुणाची पदवी विचारतं? घरात पगारवाढही कुणी मागत नाही, हा वरचा फायदा.

मग सगळ्यांना एकाच रंगाचे कोट शिवा. इंजेक्शन द्यायला शिकलेली कोण, फोन घ्यायला बसवलेली कोण आणि केर काढता काढता ड्रेसिंगपर्यंत पोचलेली कोण, हे पेशंटला कळून काय उपयोग? छातीवर पट्टी लावायचीच असेल तर नुसतं नाव लिहा, हुद्दा नको.

आता चुकून एखादी रीतसर नर्सिंग शिकलेली, नोंदणी केलेली बाई तुमच्याकडे आलीच, तर तिच्यावर बारीक लक्ष ठेवा. या लोकांना सवयी फार वाईट असतात. ब्लड प्रेशर मोजायचं तर ती पेशंटला आधी ५ मिनिटं गप्प बसवते, पायावर पाय टाकू देत नाही, हात हृदयाच्या उंचीवर टेकवून घेते. दंड जाड असला की मोठा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, शोधत फिरते, का तर लहान कफने आकडा खोटाच चढा येतो. तेवढ्यात तुमची जुनी रिसेप्शनिस्ट चार जणांचं बीपी बाहीवरूनच घेऊन मोकळी होते. चढा आला आकडा, तर येऊ दे. गोळी सुरू झालेला पेशंट दर महिन्याला येतो.

लसींच्या फ्रिजवरून भांडण होणारच. नर्स म्हणणार, आतलं तापमान २ ते ८ अंश सेल्सियस हवं, दिवसातून दोनदा वहीत लिहायला हवं. जुनी बाई म्हणणार, ‘मी आल्यापासून या फ्रिजला काही झालेलं नाही.’ खरंच आहे, फ्रिजला काहीच झालेलं नाही. धनुर्वाताची किंवा हिपॅटायटिस बीची लस गोठली की निकामी होते आणि वितळल्यावर वरवर पाहता पूर्वीसारखीच दिसते, हा काही फ्रिजचा दोष नव्हे. अशा वेळी निवाडा करायला बसू नका. दोघींना वेगवेगळं आत बोलवा आणि दोघींनाही म्हणा, ‘तुझंच बरोबर आहे गं, पण तिला जरा सांभाळून घे.’ या एका वाक्यावर दवाखाने वर्षानुवर्षं चालतात. फ्रिजला कुलूप मात्र लावू नका, आतल्या जेवणाच्या डब्यांची गैरसोय होते.

फोनचा प्रश्न त्याहून सोपा. सकाळपासून जबडा दुखतोय, घाम फुटलाय, मळमळतंय, असं कुणी सांगितलं की शिकलेली बाई उगाच घाबरते. वय विचारते, मधुमेह आहे का विचारते आणि सरळ रुग्णवाहिका बोलवायला सांगते. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना छातीत कळ न येताही हार्ट अटॅक येऊ शकतो, असलं काहीतरी तिच्या डोक्यात बसलेलं असतं. काउंटरवरची शांत असते. ‘पित्त झालं असेल, उद्या अकराचा नंबर देते.’ भिंतीपलीकडून तुमचं ‘पित्त आहे’ इतक्या वेळा तिच्या कानावर पडलंय की निदान आता पाठच झालंय. (तिला नावं ठेवायची नाहीत हं. कोणता फोन तुमच्यापर्यंत धावत आणायचा, हे तिला कधी कुणी सांगितलंच नाही. कुणी नीट शिकवलं असतं तर ती उत्तम निघाली असती. पण शिकलेली माणसं शिकल्याचे पैसे मागतात.)

दोघींची धुसफूस वाढली तर मनाला लावून घेऊ नका. उलट अधूनमधून फुंकर घाला. एकीला म्हणा, ‘कागद काय, हातात कसब पाहिजे.’ दुसरीला म्हणा, ‘शेवटी शिक्षण ते शिक्षण.’ खुर्ची कुणाची, रजा आधी कुणाला, मोठं कोण, यावर त्या भांडत आहेत तोवर एक प्रश्न तुमच्या टेबलावर येत नाही: इंजेक्शन द्यायला रिसेप्शनिस्टला सांगितलं कोणी? म्हणूनच सांगायचं ते तोंडी सांगा. जाता जाता, मान न वळवता, ‘दे गं तेवढं.’ कमरेखाली भलत्या जागी सुई गेली आणि सायटिक नसेला दुखापत होऊन पेशंटचा पाय बधिर झाला, तर ‘मी तर सांगितलंच नव्हतं’ म्हणायला तुम्ही मोकळे.

एक दिवस नर्स राजीनामा देईल. कारण विचारू नका, ती सांगेल. लगेच जाहिरात द्या, ‘अनुभवी स्टाफ पाहिजे, शिक्षणाची अट नाही.’ आणि तिच्या नोंदणी प्रमाणपत्राची जी प्रत तुम्ही बाहेरच्या भिंतीवर लावली आहे, ती काढायची घाई करू नका. फ्रेमला पैसे पडलेत.