विश्वास ठेवा, पण कुठल्या फाइलीत?

ऑफिसच्या नेटवर्कमध्ये काही बदललं की ते आम्हाला सगळ्यात आधी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, सांगतं. सांगायची पद्धत तुसडी आहे. सुरुवातच ‘फेटल’ने, मग रिपॉझिटरीचा, म्हणजे कोडच्या कोठाराचा, लांबलचक पत्ता आणि शेवटी ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’. म्हणजे सर्व्हरने ओळख पटवायला दाखवलेल्या कागदावर, सर्टिफिकेटवर, ज्याची सही आहे, तो इसम गिटच्या ओळखीतला नाही. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा तर पान झटक्यात उघडतं. एकच लॅपटॉप, एकच वायफाय, पण एकजण ‘या, बसा’ म्हणतोय आणि दुसरा कडीसुद्धा काढायला तयार नाही.

हेल्पडेस्कचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, ब्राउझरमध्ये ओपन होतंय ना?’ हो म्हटलं की तिकीट बंद. म्हणून मी ‘हो’ म्हणायचं शिताफीने टाळतो आणि ‘गिटमध्ये होत नाहीये’ एवढंच घोकत राहतो. यावर पलीकडे थोडी शांतता, आणि मग, ‘सर, गिटवर राइट क्लिक करून रिफ्रेश करून बघता का?’

ज्यांनी मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन राजपत्रित अधिकाऱ्यांच्या दारात तासन्‌तास काढलेत, त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. साहेब तुम्हाला ओळखत नसत, मार्कशीट वाचतही नसत. पण ‘सत्यप्रत’चा शिक्का आणि खाली सही पडली की कागद खरा. इथेही सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर मधल्या साहेबांची सही असते, मधल्यांच्या सर्टिफिकेटवर थोरल्या साहेबांची, आणि थोरल्यांच्या सर्टिफिकेटवर? त्यांची स्वतःचीच. थोरले साहेब स्वतःच स्वतःला खरं ठरवतात आणि ते चालतं, कारण त्यांचं नाव आधीपासून यादीत असतं. तुम्हीआम्ही तेच केलं की ‘सेल्फ साइन्ड’ म्हणून बाहेर.

आमच्या ऑफिसात भानगड अशी, की बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी वाटेत एका यंत्रापाशी थांबते. ते यंत्र आतला मजकूर उलगडून तपासतं आणि पुढे पाठवताना कंपनीच्या सहीचं नवं सर्टिफिकेट जागच्या जागी बनवून डकवतं. ब्राउझरमध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं सर्टिफिकेट उघडून बघा. वर नाव गिटहबचं, खाली ‘इश्यूड बाय’पुढे आमची कंपनी. तेव्हा गिट कटकट करतंय असं म्हणण्यात अर्थ नाही. मध्ये कुणीतरी उभं आहे, हे त्या इमारतीत फक्त त्यालाच बोलून दाखवायची हिंमत होते.

उपाय सोपा असतो: कंपनीच्या थोरल्या साहेबांचं नाव यादीत घाला. पण कुठल्या यादीत? विंडोजची एक यादी, तिच्यात आयटीवाल्यांनी ते परस्पर घातलेलं असतं आणि आमच्या ऑफिसातला ब्राउझर ती बघतो. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर चालणारं गिट स्वतःच्या फोल्डरातली वेगळी फाइल बघतं. जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आपली यादी पोटातच घेऊन फिरतं. पायथन भाषेतल्या रिक्वेस्ट्स लायब्ररीची यादी सर्टिफाय नावाच्या पॅकेजात. जावा भाषेची ‘सीएसर्ट्स’ नावाच्या फाइलीत. एका घरात पाच चुली. गिटचं त्यातल्या त्यात लवकर आटपतं. एक ओळ लिहून त्याला एसचॅनेल या विंडोजच्या स्वतःच्या यंत्रणेवर टाकलं की ते निमूटपणे विंडोजची यादी बघायला लागतं. नोडलाही एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून जादा फाइल दाखवता येते.

मात्र ती फाइल हाती यायला हवी. सिक्युरिटीवाल्यांनी ती मेलने पाठवली आणि आउटलुकने वाटेत अडवली, कारण ‘सीईआर’ हे एक्स्टेन्शन त्याच्या धोकादायक फाइलींच्या यादीत आहे. म्हणजे विश्वास ठेवण्यासाठी जो कागद लागतो, तोच अविश्वासू. मग ती ‘टीएक्सटी’ असं नाव घेऊन आली, वेषांतर करून. उघडली तर नोटपॅडमध्ये नुसते चौकोन आणि खुणा. ही डीईआर, म्हणजे फक्त यंत्राला वाचता येणारी. आम्हाला हवी होती बेस-सिक्स्टीफोरवाली, जिच्या पहिल्या ओळीत पाच डॅश, ‘बिगिन सर्टिफिकेट’ आणि पुन्हा पाच डॅश असतात. विंडोजच्या विझार्डमध्ये आत कुठेतरी तो पर्याय आहे. तिथे पोचेपर्यंत चहा गार होतो.

आणि मग जावा. जावाचा कोड बांधणाऱ्या मेव्हनने चांगली दोन पडदे भरून लाल अक्षरं ओतली, त्यात कुठेतरी ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ हे मंत्रवाक्य, म्हणजे सह्यांची साखळी जुळली नाही. इथे जावाची सर्टिफिकेटं सांभाळणाऱ्या कीटूल नावाच्या गृहस्थांना शरण जावं लागतं. ते आधी पासवर्ड विचारतात. साऱ्या जगाच्या विश्वासाची जी तिजोरी, तिचा मूळ पासवर्ड ‘चेंजइट’. शब्दातच सांगितलंय, बदल म्हणून. बदललेला मी अजून कुठेही पाहिलेला नाही, आणि बदलणाऱ्याला टीमने माफ केलं असतं असंही वाटत नाही. मग पडद्यावरून साहेबांची कुंडली सरकते: मालक, इश्युअर, सीरियल नंबर, फिंगरप्रिंटच्या कोलनने जोडलेल्या जोड्याच जोड्या. शेवटी प्रश्न, ‘ट्रस्ट धिस सर्टिफिकेट?’ आणि शेजारी चौकटी कंसात आधीच उत्तर: नो. नुसतं एंटर दाबलंत तर ‘नाही’ धरून ते उठून जातात. ‘येस’ टाइप केलं तर म्हणतात, सर्टिफिकेट घातलं. आणि लगेच पुढच्या ओळीत, अ‍ॅक्सेस डिनाइड. आधी झाल्याचं सांगायचं आणि मग होऊ शकत नाही म्हणून सांगायचं, हे सरकारी खिडकीवरही इतक्या चटकन होत नाही. फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्ये, लिहायला अ‍ॅडमिनचे हक्क लागतात, अ‍ॅडमिनच्या हक्काला तिकीट लागतं.

हक्क मिळाले, घातलं, मेव्हन खूश. मेव्हनचाच जातभाई ग्रेडल तसाच रुसलेला. कारण मशीनवर जावा आठ, अकरा आणि सतरा असे तिघे नांदतात, आयडीई (कोड लिहायचा एडिटर) स्वतःचा चौथा घेऊन आलेला, आणि प्रत्येकाची सीएसर्ट्स वेगळी. शिवाय ग्रेडलचा डीमन जुनीच यादी डोक्यात धरून मागे बसलेला. त्याला ‘स्टॉप’ म्हणून उठवल्याशिवाय नवीन काही त्याच्या कानी जात नाही.

असल्या वेळी शेजारच्या खुर्चीवरून सल्ला येतोच. आमचा एक सीनियर मान न वळवता म्हणाला, ‘अरे, एसएसएल व्हेरिफाय फॉल्स करून टाक की, तपासणीच बंद. कोण बघतंय?’

कोण बघतंय हाच तर प्रश्न आहे. २०११ साली नेदरलँड्सच्या डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाचं बनावट सर्टिफिकेट निघालं आणि ते इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं. लांबचं नको असेल तर जुलै २०१४ घ्या. आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सहीने गूगल आणि याहूच्या नावाची सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. त्यांच्या वरचे भारत सरकारचे थोरले साहेब विंडोजच्या यादीत होते, त्यामुळे विंडोजवर ती खपून जाऊ शकत होती. फायरफॉक्सची यादी वेगळी. तिच्यात हे साहेब नव्हतेच. वेगळ्या चुलीचा त्या वेळी उपयोग झाला, हे मला इतके शिव्याशाप देऊनही मान्य करावं लागतं.

हे सगळं मी सीनियरला सांगितलं. तो म्हणाला, ‘बरं. पण डेमो चार वाजता आहे.’ आणि ‘फॉल्स’ची ती ओळ एकदा लिहिली की कुणी काढत नाही, हे त्याच्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार? आमच्या जुन्या डॉकरफाइलमध्ये (कंटेनर कसा बांधायचा, त्याच्या सूचनांची फाइल) ती अजून आहे, वर ‘टेम्पररी’ अशी कॉमेंट घेऊन. ज्याने लिहिली तो माणूस नोकरी सोडून कॅनडात स्थायिक झाला.

डॉकरचं, म्हणजे प्रोग्रॅम सगळ्या सामानासकट कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवायच्या प्रकाराचं, तर विचारूच नका. लॅपटॉपवर सगळं हिरवं झालं म्हणून कोड पुश केला; तो आपोआप बांधून तपासणारी पाइपलाइन लाल. कंटेनरच्या आत लॅपटॉपवरच्या ओळखी चालत नाहीत, तिथे पाटी कोरी. साहेबांना आत घ्यायला जे पॅकेज लागतं ते इंटरनेटवरून आणायचं, ते आणायला त्याच यंत्रापुढून जायचं, आणि तिथून जायला साहेब आधीच आत असायला हवेत. तेव्हा फाइल हाताने कॉपी करून, मूळ यादीच्या शेपटाला चिकटवून, मग पॅकेज. बिल्ड पास झाला. सर्टिफिकेटची फाइल, शिस्तीत, रिपॉझिटरीत घातली.

संध्याकाळी सिक्युरिटीच्या स्कॅनरकडून माझ्या नावावर तिकीट पडलं. प्रायॉरिटी हाय. ‘रिपॉझिटरीत अनोळखी सर्टिफिकेट आढळले आहे, त्याचा स्रोत स्पष्ट करावा.’ मी त्यांचाच मेल जोडून पाठवला. उत्तर आलं: अटॅचमेंट ब्लॉक झाली आहे, कृपया दुसऱ्या मार्गाने पाठवावी.