माझ्याकडे तर चालतंय

दहा सेकंदांचं काम वाचवायला मी तीन आठवडे घालवले, हे घरात अजून कोणाला माहीत नाही.

प्रत्येक संगणकात होस्ट्स नावाची एक साधी मजकुराची फाईल असते. डावीकडे आयपी पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता), उजवीकडे त्याचं नाव. एखादं नाव आलं की संगणक सहसा आधी या फाईलीत डोकावतो आणि मगच बाहेर डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेकडे, चौकशी करतो. म्हणजे इथे तुम्ही जे लिहाल ते ब्रह्मवाक्य! एकेकाळी अख्ख्या नेटवर्कची मिळून अशी एकच फाईल होती. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या दिवसांत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं नाव चढवायचं तर कामाच्या वेळेत त्यांना कळवायला लागायचं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची कल्पना मांडली आणि ती सामाईक वही मागे पडली. ज्याच्या त्याच्या संगणकातलं चोपडं मात्र राहिलं. त्यात काय खरडलंय हे विचारणारं कोणी नाही. असली वस्तू माझ्या हाती देऊ नये.

एका साईटची नवी आवृत्ती तपासायची म्हणून मी तिचं नाव चाचणीच्या सर्व्हरकडे वळवणारी ओळ घातली. तपासलं, खूश झालो, ओळ विसरलो. काही दिवसांनी खरी साईट पडली. लोक दोन दिवस तक्रार करत होते आणि मी दोन दिवस, चढत्या आवाजात, एकच उत्तर देत होतो, ''माझ्याकडे तर चालतंय.'' वर फुकटचे सल्ले : ब्राउझरची कॅश साफ करा, राऊटर बंद करून चालू करा. एका बिचाऱ्याने तीनदा केला.

शहाण्या माणसाने ती ओळ पुसून विषय मिटवला असता. मी टर्मिनलमध्ये, म्हणजे टाईप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, चालणारं साधन बनवायला घेतलं. सुबक चौकट, आत नोंदींची यादी, बाणाच्या कळांनी वर-खाली जायचं. स्पेसबार दाबला की ओळीपुढे हॅश (#) लागून ती निजणार, म्हणजे संगणक तिच्याकडे बघणार नाही, पुन्हा दाबला की उठणार. यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत जी लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे तिचं नाव कर्सेस. नावातच शाप आहे हे मी वेळीच ऐकायला हवं होतं.

कर्सेसचा कार्यक्रम (प्रोग्रॅम) मध्येच कोसळला की टर्मिनलला भूतबाधा होते. टाईप केलेलं दिसत नाही आणि जे दिसतं ते जिना उतरल्यासारखं तिरकं तिरकं खाली जातं. उपाय एकच, आंधळेपणाने 'रीसेट' टाईप करून एंटर मारायचं. पहिल्या आठवड्यात मी दुसरं फारसं काही टाईप केलंच नाही.

मग हौस म्हणून नोंदींपुढे मराठीत शेरे लिहिले. 'हे काढू नकोस' असं लिहिताक्षणी चौकटीची उजवी भिंत ढासळली. उकाराला स्वतंत्र घर द्यायचं की नाही, यावर टर्मिनल आणि माझा कार्यक्रम यांचं एकमत होईना. दोन रात्री मी काना-मात्रा मोजत बसलो. शाळेत इतकं लक्ष दिलं असतं तर शुद्धलेखनात मार्क गेले नसते.

खरा प्रसंग पुढेच होता. फाईल लिहिण्यासाठी उघडली की ती आधी रिकामी होते आणि मग भरते. माझा कार्यक्रम या दोहोंच्या मध्ये कोसळला. होस्ट्स फाईल कोरी करकरीत! पुढची कमांड सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवली, तर या यंत्राचं नाव सापडत नाही अशी कुरकुर सुरू झाली. संगणक स्वतःलाच ओळखेना. शेवटी नॅनो या साध्या एडिटरमध्ये फाईल उघडून १२७.०.०.१ आणि लोकलहोस्ट (संगणकाचा स्वतःसाठीचाच पत्ता आणि नाव) हाताने लिहिलं, खाली यंत्राचं नाव घातलं. वेळ लागला दहा सेकंद. त्यावर मी विचार करायचं टाळलं. त्या दिवसापासून साधन आधी तात्पुरत्या फाईलीत लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच तिला मूळ फाईलीच्या जागी बसवतं.

शेवटची करामत मुदतीची. प्रत्येक नोंदीला तारीख द्यायची, ती उलटली की ओळ लालभडक. हे सुचलं तेव्हा स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. अडचण एवढीच की साधन उघडल्याशिवाय लाल रंग दिसत नाही, आणि उघडायची आठवण राहिली असती तर साधन कशाला लागलं असतं?

परवा फोन आला, साईट उघडत नाही. मी पाहिलं, माझ्याकडे छान उघडत होती. तेच जुनं वाक्य ओठांवर आलं होतं, पण गिळलं आणि टर्मिनल उघडलं.

तिसरी ओळ. लाल. मुदत संपून अकरा दिवस.