डोकं मार खाऊन पक्कं होत नाही, तो फॉरवर्ड पाठवणं थांबवा

ताईने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला, खाली एवढंच, "हे खरं आहे का रे?" तो मेसेज मी आधी दोन-तीन ग्रुपवर बघून सोडून दिला होता, पण ताईकडे तो माझ्या भाचीकडून आलाय आणि भाची त्याच्याच जोरावर जिम बदलायला निघालीये, म्हणून आता उत्तर देतोच. मेसेज थोडक्यात असा: थायलंडमध्ये मुए थाईच्या (तिथल्या किकबॉक्सिंगच्या) कोचला परीक्षा-बिरीक्षा नसते, तिथे फक्त फाइट्स मोजतात, सर्टिफिकेट म्हणजे पैसे काढायचा धंदा, ज्याने रिंगमध्ये मार खाल्ला नाही तो शिकवूच शकत नाही, आणि दर शनिवारी फुल पॉवर स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करा, डोक्यावर मार खाऊन खाऊनच डोकं पक्कं होतं.

शेवटचं आधी घेतो. बाकीचं चुकलं तर फार तर फी वाया जाईल, यात माणूस जातो.

हा समज कुठून आला ते मला माहितीये, नडगीवरून. बॅगवर किक मारून मारून नडगीचं हाड खरंच घट्ट होतं, बेताचा ताण परत परत आला की शरीर तिथे जास्त हाड भरतं. पण मेंदू म्हणजे हाड नाही. हूक (बाजूने येणारा ठोसा) बसला की डोकं गर्रकन फिरतं, आत मेंदूला पीळ बसतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात, ते पुढच्या वेळी जास्त मजबूत होऊन येत नाहीत. उलट पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर धोका वाढतो. मार खाऊन खाऊन बॉक्सर लोकांची चाल अडखळते, बोलणं जड होतं, हे अमेरिकेतल्या डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 सालीच लिहून ठेवलंय. जवळपास शंभर वर्षं झाली आणि आपण अजून "डोकं पक्कं होतं" फॉरवर्ड करतोय.

ज्यांना पुरावा हवाय त्यांनी एकच गोष्ट वाचा. खेळातल्या डोक्याच्या दुखापतींवर काम करणारे जगभरचे डॉक्टर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला जमले होते, त्यांचं एकत्रित निवेदन 2023 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलंय, फुकट वाचता येतं. त्यात सरळ म्हटलंय की कन्कशनचा (मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याचा) नुसता संशय आला तरी खेळाडूला ताबडतोब बाहेर काढा, त्या दिवशी परत खेळवू नका. पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती, मग एकेक पायरीने परत खेळाकडे, प्रत्येक पायरीला कमीत कमी 24 तास, आणि डोक्याला मार लागू शकेल असं काहीही करायच्या आधी डॉक्टरची परवानगी. भाचीला त्या नवीन जिमच्या ट्रायलनंतर डोकेदुखी सुरू झाली, उजेड सहन होईना, तिने सांगितलं तरी तिथले सर म्हणाले "सवय होईल" आणि दुसऱ्या दिवशी परत स्पारिंगला उभी केली. त्यांच्या फाइट्स भरपूर आहेत. त्या फाइट्सनी त्यांना हे एवढं साधं शिकवलं नाही.

आणि "फाइट्स हीच परीक्षा" म्हणणाऱ्यांनी नोव्हेंबर 2018 आठवावा. बँकॉकजवळ सामुत प्राकानमध्ये 13 वर्षांचा मुलगा चॅरिटी सामन्यात डोक्यावर मार बसून पडला आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. हेडगार्ड नव्हतं. आठव्या वर्षापासून त्याच्या 170 च्या आसपास फाइट्स झालेल्या, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. अजून किती फाइट्स झाल्यावर डोकं पक्कं व्हायला हवं होतं?

शिवाय थायलंडचे फायटर रोज एकमेकांची डोकी फोडत बसतात हेही खोटं. चांगल्या कॅम्पमध्ये ताकद ट्रेनरने हातात धरलेल्या पॅड्सवर आणि बॅगवर काढतात, क्लिंच (एकमेकांना धरून झुंजणं) तासन्‌तास चालतो, पण स्पारिंग हलकं, जवळजवळ खेळल्यासारखं, कारण पुढची फाइट जवळ असते आणि जखमी होऊन पैसे मिळत नाहीत.

आता परीक्षेचं. तिथे 1999 चा बॉक्सिंग कायदा आहे, त्याखाली फायटरसारखीच ट्रेनरची आणि कॅम्पवाल्याचीही नोंदणी असते. नोंदणी म्हणजे परीक्षा नव्हे, मान्य. जुन्या कॅम्पमध्ये कराटेसारखे बेल्टही नसतात, तेही खरं. पण तिथला ट्रेनर रिटायर होऊन एकदम सर होत नाही, तो लहानपणापासून त्याच कॅम्पमध्ये वाढलेला असतो, मोठ्या ट्रेनरला पॅड धरताना रोज बघत आलेला असतो. आपल्याकडे कोथरूडच्या बेसमेंटमध्ये चार फाइट्स करून फ्लेक्स लावणाऱ्याला यातलं काय मिळालेलं असतं? आणि तिथे जी मुलं मधेच मोडून घरी गेली ती कोणी मोजत नाही, आपल्याला टिकलेलेच दिसतात.

"न लढलेला शिकवू शकत नाही" यावर जास्त लिहीत नाही. आचरेकर सर एकच प्रथम श्रेणी सामना खेळले आणि सचिन घडवला. बॉक्सिंगमध्ये ट्रेनर कस डमाटो एकही प्रोफेशनल फाइट न करता फ्लॉइड पॅटरसन आणि माइक टायसनसारखे वर्ल्ड चॅम्पियन घडवून गेले.

धंद्याचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. शनिवार-रविवार सेमिनार, सोमवारी इन्स्ट्रक्टर, पैसे भरले की सगळे पास, असली सर्टिफिकेटं आहेत आणि मला त्यांची चीड येते. रिंगमध्ये घाबरलेल्या माणसाला काय वाटतं, अंतर कसं चुकतं, हे लढलेल्याला जास्त कळतं हेही कबूल. पण त्यावर उपाय परीक्षा कडक करणं हा आहे, काढून टाकणं नाही. उमेदवाराला हिंजवडीतून थकून आलेला चाळिशीचा नवशिका द्या आणि पंधरा वर्षांची मुलगी द्या, दोघांना पॅड धरायला लावा, आणि स्पारिंगमध्ये कोणाला कधी थांबवतो ते बघा. नापास करायची तयारी ठेवा.

तोवर पुण्यात कुठल्याही जिमला पोरांना घालणाऱ्यांनी फाइट्स किती हे विचारा, सर्टिफिकेटही विचारा, आणि त्याआधी हे विचारा: डोक्याला मार लागला तर तुम्ही काय करता, परत स्पारिंग कधी, ते कोण ठरवतं, फर्स्ट एड कोणाला येतं. "आमच्याकडे असलं काही होत नाही" असं उत्तर आलं तर फी भरू नका.