पेलेटचा भाव 'कधीच' वाढत नाही म्हणे!

"गॅसला कायमचा रामराम! पेलेट म्हणजे शेतातला कचरा, त्याचा भाव कधीच वाढत नाही. एक किलो पेलेट एक किलो गॅसचं काम करतं. धूर नाही, राख नाही, ओलं झालं तरी चालतं. हिवाळ्यात हीच चूल बेडरूममध्ये ठेवा, खोली रात्रभर उबदार. सरकारी सबसिडी आहेच. आजच बुकिंग करा, पाच वर्षं १० रुपये किलो पक्का भाव."

पेलेट म्हणजे शेतातला काडीकचरा किंवा लाकडाचा भुसा दाबून केलेले जळणाचे दाणे. मेसवाल्यांच्या आणि केटररच्या ग्रुपवर हा मेसेज फिरत होता तोवर सोडून दिला होता. ती मंडळी रोज इंधनाचा हिशोब करतात, त्यांना कुणी सहजासहजी फसवत नाही. पण आता तो मामींच्या भिशीच्या ग्रुपवर पोचलाय, आणि मामी बेडरूमसाठी चूल घ्यायला निघाल्यात. त्यामुळे एकेक वाक्य घेतो. क्रम मात्र मेसेजचा नाही. आधी जिवाचं, मग पैशाचं.

मेसेजसोबत जो व्हिडिओ फिरतोय, ज्यात काचेमागे छान आग दिसते, तो युरोपातल्या पेलेट स्टोव्हचा आहे. त्यात जळणाची पेटी बंद असते. टाकीतून स्क्रू फिरून थोडेथोडेच दाणे आत पडतात आणि जळालेला वायू पाइपातून थेट घराबाहेर जातो. आपल्याकडे त्या नावावर विकतात ती चूल म्हणजे पत्र्याचा डबा आणि खाली छोटा पंखा. धुराडं नाही. दाणे भरून वरून पेटवायचे. वरचा थर तापला की त्यातून वायू निघतो आणि कडेच्या भोकांतून येणाऱ्या हवेत तो जळतो. म्हणून धूर दिसत नाही. इथवर मेसेज खरा.

पुढचं त्यात नाही. अर्ध्या-पाऊण तासात ज्योत संपते आणि तळाशी लालभडक निखारे उरतात. पंखा मंद केला, किंवा लाइट गेली, की त्या निखाऱ्यांना पुरेशी हवा मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर निदान माणसाला खोकायला लावून बाहेर तरी काढतो.

आकडे मांडू. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. चुलीत एक किलो पेलेट टाकलं तर निखारा म्हणून २०० ग्रॅमच्या आसपास कार्बन उरतो. त्यातला फक्त पाच टक्के अर्धवट जळला असं धरा. तेवढ्यातून सुमारे २० लिटर कार्बन मोनॉक्साइड निघतो. दारं-खिडक्या गच्च बंद असतील तर हवेतलं प्रमाण ५८० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ५८० भाग) घरात जातं. ४०० पीपीएमला तास-दोन तासांत डोकं दुखायला लागतं, तीन तासांपुढे जिवावर बेततं. ८०० ला दोन-तीन तासांत सगळं संपू शकतं. आणि मेसेज म्हणतो "रात्रभर". झोपलेल्या माणसाला डोकेदुखी कळतच नाही.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता, तेव्हासुद्धा रजईने भागलं. पेलेटची पोतीही पलंगाखाली किंवा बंद खोलीत साठवू नका. ताजा माल बंद जागेत पडला की त्यातूनही हाच वायू निघतो आणि हवेतला ऑक्सिजन कमी होतो. युरोपात पेलेटच्या बंद कोठारात शिरलेली माणसं अशी दगावली आहेत. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदमच जड झालं, मळमळायला लागलं, तर आधी दारं उघडा, माणसांना अंगणात आणा आणि १०८ ला फोन करा. पित्त झालं म्हणून पुन्हा पडून राहू नका.

आता भाव. "कधीच वाढत नाही, कारण तो कचरा आहे."

विकत घेणारा दारात येईपर्यंतच कचरा फुकट असतो. पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं, बांधावर जळायची तेव्हा तिला भाव नव्हता, हे खरं. पण तिचं पेलेट करायचं तर ती उपटायची, कुट्टी करायची, १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायची, हॅमर मिलमधून भुगा काढायचा आणि डायमधून, म्हणजे भोकांच्या साच्यातून, दाबायचा. टनामागे शंभर युनिटच्या आसपास वीज लागते, डाय-रोलर झिजतात ते वेगळंच. डिझेल दोनदा जळतं: एकदा शेतातून कारखान्यात, एकदा कारखान्यातून तुमच्या दारात. त्यातला पहिला फेरा महाग. सुटं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) किंवा पऱ्हाटीची कुट्टी घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरते, तयार पेलेट सहाशेच्या वर. म्हणजे कच्चा माल आणणारा ट्रक बहुतांश हवाच वाहतो. डिझेल वाढलं की पहिला फटका तिथे बसतो.

दुसरी गोष्ट मोठी आहे. तोच माल नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्यातल्या कारखान्यांच्या बॉयलरलाही लागतो आणि वीटभट्ट्यांनाही. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे, इथल्या बॉयलरवाल्याचा एक डोळा कोळशावर असतो. कोळसा चढला की तो पांढरा कोळसा, म्हणजे ब्रिकेट (दाबलेल्या भुशाचे ठोकळे), शोधतो. ब्रिकेट आणि पेलेट एकाच पऱ्हाटीतून, तुरीच्या काड्यांतून आणि आरा मशीनच्या भुशातून निघतात. त्यामुळे पेलेटचा भाव कोळशाच्या शेपटीला बांधलेला आहे.

त्यात वीजकेंद्रांची भर. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवपेलेट मिसळणं बंधनकारक केलं. मुदती पुढे सरकल्या, मिसळणं कागदाच्या मागेच राहिलं, पण मागणीचा आकार पाहा. नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. असा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला १०,००० टनांच्या आसपास कोळसा खातो. त्याचे ५ टक्के म्हणजे ५०० टन. तुमची मेस दिवसाला ५० किलो जाळत असेल, तर एक संच म्हणजे अशा दहा हजार मेस. खापरखेडा आणि मौदा ही जवळची वीजकेंद्रं अजून धरलीच नाहीत. असा गिऱ्हाईक बाजारात उतरल्यावर स्वस्त कोण कुणाला देणार?

"आपलं वेगळं, पेलेटला गॅसच्या बाजाराशी काय देणंघेणं" असं अजूनही वाटत असेल तर जर्मनी बघा. तिथे पेलेटवर घरं तापवतात आणि तिथली पेलेट संघटना दर महिन्याला भाव जाहीर करते. सप्टेंबर २०२१ मध्ये टन २३० युरोच्या आसपास होता. सप्टेंबर २०२२ मध्ये ७६० च्या वर. एका वर्षात तिपटीहून जास्त! लाकूड तेच, जंगलं तीच. झालं एवढंच की युक्रेन युद्धाने गॅस भडकला, लोकांनी धडाधड पेलेट स्टोव्ह बसवले आणि हिवाळ्याआधीच पोती भरून ठेवली. रशियाचा माल निर्बंधांमुळे थांबला. बांधकाम मंदावल्याने आरा गिरण्यांचा भुसा घटला, आणि पेलेट दाबायची वीजही महागली होती. २०२३ मध्ये भाव निम्म्यावर आला. म्हणजे "गॅसला पर्याय" म्हणून घेतलेलं इंधन गॅससोबतच वर गेलं आणि गॅससोबतच खाली आलं.

एक कबूल करावं लागेल. आपल्याकडे पेलेट दर एक तारखेला हलत नाही, व्यावसायिक सिलिंडर हलतो. त्याचा भाव सौदी अरामको या तेल कंपनीच्या मासिक दरावर आणि डॉलरवर चालतो. वर १८ टक्के जीएसटी, आणि स्वतः ५ टक्के जीएसटी भरणाऱ्या योजनेतल्या हॉटेलवाल्याला तो परतही मिळत नाही. पेलेटवर ५ टक्केच. पेलेट चढतं ते हंगामाने. पऱ्हाटी जानेवारी ते मार्च निघते, तेव्हा माल मुबलक. जून लागला की कच्चा माल भिजतो, वाळवणी थांबते आणि पावसाळ्यात भाव व ओलावा दोन्ही वाढतात. मार्च-एप्रिलमध्ये साठा करणारा थोडा सुटतो, पण त्याच्याकडे कोरडी जागा हवी.

"एक किलो बरोबर एक किलो" हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदा तरी चूल पेटवली असेल का, शंका आहे. एलपीजीत किलोला १०,८०० किलोकॅलरी. चांगल्या पेलेटमध्ये ३,८००. आता भांड्याला किती लागते ते बघा. गॅसच्या बर्नरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, पंख्याच्या चुलीची ३५ टक्के. आयएस १३१५२ या भारतीय मानकात पंख्याच्या चुलीला किमान ३५ टक्केच मागितले आहेत, बहुतेक चुली त्याच्या आसपासच घुटमळतात. १९ किलोचा सिलिंडर भांड्याला १,२३,००० किलोकॅलरी देतो, एक किलो पेलेट १,३३०. भागाकार केला की ९३ किलो येतात. एका सिलिंडरला त्र्याण्णव किलो पेलेट, एकोणीस नव्हे.

म्हणून मेसवाल्यांसाठी सोपा हिशोब: सिलिंडरच्या बिलाला ९३ ने भागा. येणारा आकडा हा पेलेटचा जास्तीत जास्त परवडणारा भाव, हमाली-वाहतुकीसकट. दिल्लीत मे २०२२ मध्ये १९ किलोचा सिलिंडर २,३५५.५० रुपये होता. भागिले ९३, म्हणजे २५ रुपये. तेव्हा १४-१५ ने माल घेणाऱ्यांनी खरंच कमावलं, हे नाकारत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तोच सिलिंडर १,५८० ला आला. तेव्हा मर्यादा १७ रुपये झाली. पंख्याची वीज, राख उचलणारा माणूस आणि पेटवण्यातली दहा मिनिटं वजा केली की हातात फारसं उरत नाही. नागपूरचा दर दिल्लीहून थोडा चढा असतो, तो आपल्या बिलावरून घ्या. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला, चांगली शेगडी धरून, ७८ किलो लागतात. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर पेलेट साडेअकरा रुपयांच्या आत घरपोच मिळायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी. घरात एवढा उपद्व्याप कशाला?

तर्री-पोह्याच्या गाडीचं उदाहरण घ्या. तर्रीला आधी जोराची आच, मग चार तास मंद. पोह्याचा घाणा पाच मिनिटांचा. गॅसचं बटण फिरवलं की आच बदलते. पेलेटची आच पंख्याने कमी करायला गेलं तरी उतरायला आठ-दहा मिनिटं जातात, आणि फार उतरवली तर धूर सुरू. मोठा भात, वरण, हॉस्टेलचं आंघोळीचं पाणी, म्हणजे तासन्‌तास एकसारखी आच लागणारी कामं, तिथे पेलेट शोभतं.

धूर-राख थोडक्यात. लाकडाच्या भुशाच्या उत्तम पेलेटला आंतरराष्ट्रीय मानकात ०.७ टक्क्यापर्यंतच राख चालते. आपल्याकडे सोयाबीन कुटाराच्या मालात ५-७ टक्के सहज निघते, राइस मिलचं तूस मिसळलं तर त्याहून बरीच. ती वितळून तळाच्या जाळीवर काचेसारखा कडक थर (क्लिंकर) बसतो, हवेची भोकं बुजतात, आणि मग तोच "धूर नसलेला" स्टोव्ह धुरतो. ओलं पेलेट चालतच नाही, फुगून भुगा होतं. ताडपत्रीखाली, फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावं लागतं. सबसिडी आहे ती पेलेटचा कारखाना टाकणाऱ्याला, चूल घेणाऱ्या मामींना नाही.

राहिला पाच वर्षांचा पक्का भाव. हा मुद्दा खोटा म्हणून सोडून देता येत नाही, कारण विकणारा तो कदाचित पाळेलही. पोत्यावर १० रुपयेच राहतील, बदलेल तो पोत्यातला माल. पऱ्हाटी महागली की तूस वाढेल, वाळवणी महागली की पाणी वाढेल. ८ टक्के ओलाव्याऐवजी १८ टक्क्यांचा माल आला तर किलोमागची उष्णता साधारण आठव्या हिश्श्याने घटते, म्हणजे १० चे खरे साडेअकरा झाले, आणि बिलात कुठेच दिसलं नाही. तेव्हा आगाऊ पैसे देण्याआधी कागदावर चार आकडे लिहून घ्या: उष्मांक, ओलावा, राख, भुगा. आणि दर गाडीला दोन गोष्टी स्वतः करा. पोत्याच्या तळातून पाच किलो काढून तीन मिलिमीटरच्या चाळणीने चाळा, २०० ग्रॅमहून जास्त भुगा पडला तर पोतं परत. मग एक किलो पूर्ण जाळून थंड झालेली राख वजनकाट्यावर ठेवा. ७० ग्रॅमच्या वर गेली तर १० रुपयांत तूस विकत घेतलं म्हणायचं.